तळ्याच्या बंगल्याची पश्चिम भिंत

"भिंतीला ताप आलाय व्हय गं? कवाची हात लावून उभी राहिली ती."

हे माझ्याबद्दल होतं. बोलणारी म्हातारी टँकरच्या रांगेत घागर लावून कडुनिंबाखाली बसली होती. मी तिच्यापासून वीसेक पावलांवर, बंगल्याच्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात टेकवून उभी होते. गळ्यात मोजमापाची टेप, काखेत वही. शहरातल्या पोरीला आपलं बोलणं कळत नसणार असं तिला वाटलं असावं. मी हात काढला नाही. काढला असता तर ऐकलं हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

"पिशवीत गोळी बी आसंल की," दुसरी म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ एकेक दे म्हणावं भिंतीला."

"हसू नका गं," तिसरी म्हणाली. "तिचं काम हाय ते. सरकारानं धाडलंय तिला."

ही तिसरी बाई म्हणजे बंगल्याची राखणदार. पुढं मी तिला मावशी म्हणायला लागले, म्हणून इथंही मावशीच म्हणते.

त्या वर्षी आमच्या भागात बोलायला दोनच विषय होते, पाणी आणि नवा जिल्हा. मी लातूरची, पण या कामासाठी उदगीरला आत्याकडे राहत होते. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. त्यांचं किराणा दुकान आहे. त्या उन्हाळ्यात त्यांनी दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली आणि गावाच्या नावापुढं 'जि.' एवढंच लिहून पुढची जागा कोरी ठेवायला लावली. उदगीर जिल्हा झाला की लगेच भरता येईल म्हणून. गिऱ्हाइकं विचारायची, "मालक, पेंटरचा रंग संपला का?" मामा म्हणायचे, "रंग हाय, सरकारची सही राहिली." आत्या आतून म्हणायची, "आधी नळाला पाणी येऊ द्या, मग जिल्हा येऊ द्या." लातूरहून आईचा फोन आला की त्यातही पाणीच असायचं. नळ कधी आला, काय काय भरून ठेवलं, कपडे धुतलेलं पाणी कुठं वापरलं. मी "हो" आणि "बरं" म्हणायचे. घरात माझं बोलणं साधारण एवढंच असे.

मी नुकतीच आर्किटेक्ट झाले होते. नांदेडच्या एका छोट्या ऑफिसात ही माझी पहिली नोकरी. नवा जिल्हा झालाच तर मोठे अधिकारी येतील, त्यांना उतरायला जागा लागेल, अशा बोलण्यातून कुणाला तरी हा बंगला आठवला होता. बंगला संरक्षित यादीत होता. वापरात आणायचा तर आधी त्याचे नकाशे हवेत आणि तो कुठं कुठं खराब झालाय याची नोंद हवी. ते काम आमच्या ऑफिसला मिळालं. आत्या जवळ राहते म्हणून ऑफिसच्या सरांनी मला पाठवलं. मी जायला घाबरत होते हे मी त्यांना सांगितलं नाही.

कंधारकडून जळकोटला जाताना मोठा रस्ता सोडून आत गेलं की एक जुनं तळं लागतं आणि तळ्याच्या काठावरच्या उंचवट्यावर हा बंगला. गावात सांगतात की निजामाच्या नोकरीतला कुणी इंग्रज इंजिनिअर, व्हिक्टोरिया राणीच्या काळात, तळ्यांची पाहणी करायला आला आणि त्यानं हा बांधून घेतला. गावाच्या तोंडी 'तळ्याचा बंगला'. तळ्यात त्या वर्षी थेंब नव्हता. पाण्याची पातळी मोजायचा दगडी खांब, त्यावर कोरलेले रोमन आकडे, आणि त्याला बांधलेल्या शेळ्या. चिखल वाळून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या.

पहिल्या दिवशी बंगला पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. छप्पर इतकं उतरतं की जणू इथं बर्फ पडतो. छपराच्या कडेला लाकडात कोरलेली झालर. तीन बाजूंनी व्हरांडा, त्याला बारीक ओतीव लोखंडी खांब, वरच्या टोकाला पानांची नक्षी. मधल्या दालनात शेकोटीची दगडी चौकट आणि वर धुराडं. मराठवाड्यात शेकोटी! धुराड्यात मधमाश्यांनी पोळं केलं होतं, ते बहुधा त्या धुराड्याचा आजवरचा सर्वांत चांगला उपयोग. खिडक्यांच्या कमानीत निळ्या आणि पिवळ्या काचा. दुपारी त्यांचा उजेड जमिनीवर पडून हळूहळू सरकत जायचा. मी जेवणाचा डबा त्या उजेडाशेजारी बसून खायचे.

पण मोजायला लागल्यावर हसू थांबलं. साहेबानं कागदावर काढलं असेल ते वेगळं आणि इथल्या गवंड्यांनी बांधलं ते थोडं वेगळं, हे दिसायला लागलं. प्रत्येक दाराच्या दोन्ही बाजूंना दिव्यासाठी कोनाडे होते. इंग्रजी घराच्या नकाशात असा कोनाडा कुणी काढत नाही. कुणीतरी गवंडी मनाशी म्हणाला असेल की दाराशी दिवा ठेवायला जागा नको का, आणि न विचारता त्यानं ती केली असेल. जोतं काळ्या दगडाचं, पाच पायऱ्यांचं. भिंती हातभराहून जास्त जाड, त्यामुळे बाहेर आग ओतत असताना आत हातपाय गार व्हायचे. मागं स्वयंपाकाची वेगळी इमारत होती. ती तर सरळ आपल्याकडच्या घरांसारखी, सपाट मातीच्या छताची. त्यात मावशी राहायच्या.

मावशींचे यजमान या बंगल्याचे राखणदार होते. ते वारल्यावर काम मावशींकडे आलं. मानधन थोडं होतं, पण राहायला ती खोली होती. एकुलता मुलगा पुण्याकडे कंपनीत, भाड्याच्या एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहायचा. गावात त्यांचं स्वतःचं घर उरलं नव्हतं. "हीच खोली माझी," असं त्या दाखवतानाच म्हणाल्या होत्या. खोलीत एक लोखंडी कॉट, भिंतीवर पत्र्याची मांडणी, फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढं रोज एक फूल. दुष्काळात ते फूल कुठून आणायच्या मला कधी कळलं नाही.

आता त्या भिंतीबद्दल सांगते.

पश्चिमेच्या भिंतीच्या तळाशी, साधारण कमरेइतक्या उंचीपर्यंत, नवा गिलावा दिसत होता. करड्या रंगाचा. त्यावर ओली गोणपाटं टांगलेली होती. वरची जुनी भिंत पांढरट, मऊ, आणि खाली हा करडा पट्टा. मागच्याच आठवड्यात मी उत्तरेची भिंत तपासली होती. तिथं पूर्वी कुण्या ठेकेदारानं सिमेंट लावलं होतं आणि त्यामागून लोणा, म्हणजे ओलीतला खार, फुटून दगडाचा भुगा होत होता. कॉलेजात शिकवलेलं पहिलं वाक्य आठवलं, जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट म्हणजे विष. मी तळहात लावून पाहिला, ओल तपासली, टिचकी मारली. फोटो काढले.

मावशी तिथंच होत्या. "हे काय लावलंय?" एवढं विचारायला तीन शब्द लागले असते. ते तीन शब्द मी घरून निघतानाच मनात जुळवून ठेवलेले असायचे आणि समोर माणूस आलं की ते विरघळून जायचे. मी इंग्रजी शाळेत शिकले, तिथं मी शेवटच्या बाकावर गप्प असायचे. घरी गावाकडचे लोक आले की मी आतल्या खोलीत गप्प असायचे. लिहिताना मात्र मला कुणाचीच भीती वाटत नाही. त्या रात्री आत्याकडे पाय पोटाशी घेऊन मी लॅपटॉपवर इंग्रजीत लिहिलं, 'पश्चिम भिंत : राखणदाराने विनापरवाना नवा गिलावा केला आहे, बहुधा सिमेंटचा.' एक ओळ. मग फोटो जोडले आणि पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "पश्चिमेच्या भिंतीचं निरीक्षण चांगलं आहे. असंच डोळे उघडे ठेवून काम कर." नोकरीला लागून चार महिने झाले होते आणि हे पहिलं कौतुक. मी ते दिवसभर मनात घोळवलं. बसमध्येही.

पुढच्या आठवड्यात एकदा पहिली बस मिळाली आणि मी नेहमीपेक्षा तासभर आधी पोचले. मावशी पश्चिमेच्या भिंतीशी उकिडव्या बसल्या होत्या. पुढ्यात घमेलं. घमेल्यात करडा लगदा, आणि त्या लाकडाच्या थापीनं तो धोपटत होत्या. शेजारी जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण, त्यात पाण्याखाली पांढरंशुभ्र लोण्यासारखं काहीतरी. मला कळायला क्षणही लागला नाही. चुना होता. विझवून, पाण्याखाली मुरवलेला चुना. सिमेंटचा मागमूस नव्हता.

"आलात व्हय मॅडम? लवकर आलात."

माझ्या तोंडून शब्द निघाला तो एवढाच, "वाळू?"

"तळ्यातली," त्या म्हणाल्या. "दरसाल कुठं भेटतीया. तळं भरलेलं ऱ्हातं ना. आमचे हे गेलेले, ते म्हणायचे, तळ्याच्या पोटातली वाळू चुन्याला लई चांगली, साहेबानं बी तीच वापरलेली हाय. यंदा तळं आटलं, म्हणलं घ्यावी काढून."

म्हणून करडा रंग. आमच्या काळ्या दगडाची वाळू.

मी वही खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसले. पुढचे कित्येक दिवस मी सकाळी लवकर जात राहिले. मोजमापं दुपारी करायची. कंधारच्या बाजारातून चुनखडीची कळी, म्हणजे भाजलेले खडे, आणायची, ती पाण्यात विझवताना वाफ उसळते म्हणून तोंड मागं घ्यायचं, महिनाभर तरी पाण्याखाली ठेवायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. बेलफळाचा गर भिजवून त्याचं चिकट पाणी, थोडा गूळ. वरून पांढरा हात द्यायला केकताडाचं, म्हणजे घायपाताचं, पान ठेचून केलेला कुंचला. एक हात वाळला की दुसरा, घाई नाही. आणि मग गोणपाटं ओली ठेवायची, कारण चुना हळूहळू मुरला तरच धरतो.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण बेलफळाचा गर बोटांना कसा लागतो आणि लगदा कधी 'झाला' हे थापीच्या आवाजावरून कसं ओळखायचं, हे मला मावशींनी शिकवलं. आज दुसऱ्या गावी चुन्याचं काम निघालं की मी गवंड्यांना थांबवून आवाज ऐकायला सांगते. ते हसतात. मला त्यांच्या हसण्याचं काही वाटत नाही. हे माझ्याकडं आलं ते एका बाईनं मला न बोलता शेजारी बसू दिलं म्हणून. ती प्रश्न विचारत नव्हती, माझी लाज काढत नव्हती, हातात थापी देत होती.

"तुमी बोलत न्हाई, ते बरं हाय," त्या एकदा म्हणाल्या. "इथं सगळे बोलणारेच येतेत. सांगून जातेत, आमी असं करू, तसं करू. भिंत तिथंच ऱ्हाती."

परवानगी घेतली का, हे मी अखेर एकदा विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "कशाची परवानगी? एप्रिलात जयंती येती. आमच्या वस्तीत कुडाचं घर असलं तरी जयंतीला पांढरं करतेत. हे तर एवढं थोर घर. ह्याला उघडं ठिवायचं? सासूबाई करायच्या, हे करायचे, आता मी करते. खाली लोणा धरला हुता, म्हणून यंदा गिलावा बी केला. कुणाला इचारायचं त्याला?"

संरक्षित वास्तूला हात लावायचा तर लेखी परवानगी लागते, हा नियम मला पाठ होता. आणि मावशींच्या घराण्यानं दरसाल हा नियम मोडला नसता, तर संरक्षित करायला ही भिंत उरली नसती, हेही आता मला दिसत होतं.

टँकरच्या रांगेत मात्र मावशींना रोज ऐकून घ्यावं लागायचं. आपल्या वाट्याच्या चार घागरींतली एक त्या भिंतीसाठी ठेवायच्या.

"माणसाला पाणी न्हाई अन् ही भिंतीला पाजून राहिली," म्हातारी म्हणायची. "दूध बी पाज. बारशाला बोलव आमाला."

"बोलवते की. तुज्याच मांडीवर देते," मावशी म्हणायच्या.

"माज्या मांडीत एवढा दम न्हाई माय. साहेबाची भिंत हाय ती, खाऊनपिऊन असलेली."

शेळ्या येऊन ओली गोणपाटं चाटायच्या. त्यांना हाकलायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. हाकलताना आवाज काढावा लागतो, तोही मी काढायला शिकले.

या सगळ्या दिवसांत ती एक ओळ मी विसरले नव्हते. रोज परत जाताना बसमध्ये ठरवायचे की आज दुरुस्ती पाठवायची. मग सरांचं कौतुक आठवायचं. पहिलंच कौतुक चुकीवर उभं आहे, हे सांगायचं कसं? शेवटी एका रविवारी मी लिहिलंच, दोन ओळी. संध्याकाळी सरांचा फोन आला.

"रिपोर्ट पुढं गेलाय. आता मागं घेतलं तर ऑफिसची काय इज्जत राहील? आणि परवानगी तर तिनं घेतली नाही ना? मग झालं. चुना असो नाहीतर सिमेंट. बघू पुढं."

मी "हो सर" म्हणाले.

एप्रिल सुरू होता होता मावशींना पत्र आलं. त्या चौथी शिकलेल्या, बसची पाटी, दुकानाची पाटी वाचायच्या. पण हे सरकारी पत्र, टाइप केलेलं, बारीक. पदरात गुंडाळून त्यांनी ते माझ्यापर्यंत आणलं, जणू ते उन्हानं खराब झालं असतं.

"वाचा बरं. काय म्हणून राहिलं सरकार?"

मी वाचायला लागले. वरचा पत्ता मोठ्यानं वाचला, तारीख वाचली. मग विषय आला. संरक्षित वास्तूत विनापरवाना बदल केल्याबाबत. आणि खाली माझं वाक्य, मराठीत. मी ते इंग्रजीत लिहिलं होतं तेव्हा ते टीपेसारखं दिसत होतं. मराठीत ते आरोपासारखं दिसत होतं. पाहणी अहवालावरून असं निदर्शनास आलं आहे की आपण सिमेंटचा गिलावा केला आहे. पुढील सोमवारी प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी लेखी खुलासा सादर करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास आपली सेवा बंद करून राहती खोली रिकामी करून घेण्यात येईल.

माझा आवाज 'विषय' या शब्दावर थांबला होता.

"काय हो?"

"साहेब येणार आहेत," मी म्हणाले. "भिंत बघायला. पुढच्या सोमवारी. काय केलं, कसं केलं, ते विचारणार आहेत."

खोटं नव्हतं. पण निम्मंच होतं.

मावशींचा चेहरा उजळला. "भिंत बघायला? खास?" मग लगेच काळजीत पडल्या. "मग साखर आणाय लागंल. माज्याकडं गूळच हाय. साहेब लोक गुळाचा च्या पितेत का?"

मला तिथं उभं राहवेना. मी उत्तरेच्या भिंतीचं माप घ्यायला गेले, जे मी आधीच घेतलेलं होतं.

तो आठवडा मी नीट जेवले नाही. आत्यानं विचारलं, "तब्येत बरी न्हाई का बाळ?" मी म्हटलं ऊन लागलंय. कागद काढून मी मावशींच्या वतीनं खुलासा लिहिला, चुन्याची सगळी कृती, मागच्या पिढ्यांपासूनची. चांगला लिहिला होता. पण त्यावर सही मावशींची लागणार होती आणि सहीआधी तो त्यांना वाचून दाखवावा लागणार होता, म्हणजे पत्रही पूर्ण वाचून दाखवावं लागणार होतं. कागद वहीतच राहिला.

सोमवारी दोन गाड्या आल्या. मोठे साहेब, फाईल घेतलेला कारकून, आणि आमचे नांदेडचे सर. टँकरचीही तीच वेळ होती, त्यामुळे कडुनिंबाखाली सगळी रांग हजर. मावशींनी ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं. व्हरांडा झाडून ठेवला होता. साखरेचा चहा झाला होता आणि कपबश्या शेजारणीकडून आणलेल्या होत्या.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. उन्हातून आलेले, दमलेले होते. लोखंडी खांबांवरून त्यांनी हात फिरवला, रंगीत काचांकडे मान वर करून पाहत राहिले. मग पश्चिमेच्या भिंतीशी आले. नव्या पांढऱ्या हाताखाली एका कोपऱ्यात करडा गिलावा अजून उघडा होता. त्यांनी फाईल मागितली.

"बाई, पत्र मिळालं ना? खुलासा कुठं आहे?"

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. "कशाचा साहेब?"

"हा सिमेंटचा गिलावा तुम्ही केला, असा रिपोर्ट आहे. परवानगी नव्हती. तुमचं काम जाऊ शकतं, खोली खाली करावी लागेल. पत्रात सगळं स्पष्ट लिहिलंय. वाचलं नाही का?"

मावशींची नजर माझ्यावरून हलली नाही. त्या नजरेत राग असता तर सोपं गेलं असतं. त्या फक्त समजून घेत होत्या, एकेक करून, की मी काय वाचलं होतं आणि काय वाचलं नव्हतं.

मग त्या साहेबांकडं वळल्या. "शिमिट न्हाई साहेब ते. शिमिटाला पैसे कुठून आणू मी? चुना हाय."

"करडा चुना?"

"तळ्याची वाळू हाय त्यात."

कारकून हसला. "सगळे असंच म्हणतात साहेब."

कडुनिंबाखालून म्हातारी उठली. घागर तिथंच ठेवून, कमरेवर हात देऊन ती सरळ पुढं आली. "ओ साहेब. चुनाच हाय त्यो. आमच्या डोळ्यादेखत टँकरचं पाणी पेलाय त्यानं. तुमाला काय ठावं?"

"आजी, तुम्ही थांबा जरा."

"कामून थांबू? लई दिवस भांडून राहिले मी तिच्यासंगं त्या पाण्यापायी. आता तुमी म्हणता शिमिट हाय? मग मी काय येड्यावानी भांडले व्हय?"

रांगेत हसू फुटलं. साहेबांनाही आलं, पण त्यांनी ते आवरलं आणि फाईलवर बोट ठेवलं. "आजी, हे मी म्हणत नाही. जाणकार माणसानं, इथं येऊन, पाहून लिहिलंय. तांत्रिक मत आहे हे. त्यापुढं मी तुमचं ऐकू की त्यांचं?" आणि सरांकडं वळून, "काय, बरोबर ना?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळत होता. गप्प राहणं मला जमतं, हे त्यांना माहीत होतं. हाताच्या बोटांना दोन दिवसांपूर्वीचा चुना अजून चिकटलेला होता, नखांच्या कडेला पांढरा.

मावशी चहाचा ट्रे उचलायला वाकल्या. चहा तरी द्यावा, एवढंच आता आपल्या हातात आहे, असं काहीसं त्या वाकण्यात होतं. ते मला पाहवलं नाही.

"साहेब, ते मी लिहिलंय," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की शेळ्यांनी माना वर केल्या. "मावशींना न विचारता लिहिलंय, आणि ते चूक आहे. सिमेंट नाही, चुनाच आहे. पत्र पण मीच त्यांना पूर्ण वाचून दाखवलं नाही. वरचे दोन हात आम्ही दोघींनी मिळून दिलेत. कसे दिले ते त्यांना विचारा, आणि मला विचारलं तर मीही सांगते."